हजारातले सात

मंडळी, अणुबॉम्बचं गुपित चोरीला गेलं आणि म्हणून तो पसरला, अशी एक समजूत आहे. क्लाउस फुक्स या भौतिकशास्त्रज्ञानं लॉस अलामॉसहून, म्हणजे अमेरिकेच्या बॉम्ब-प्रयोगशाळेतून, मॉस्कोला माहिती पुरवली आणि 29 ऑगस्ट 1949 चा सोव्हिएत स्फोट त्यामुळे लवकर झाला, हे खरं. पण मूळ भौतिकशास्त्र तोवर छापील होतं. अडतं ते मालापाशी, म्हणजे बॉम्बच्या इंधनापाशी.

खाणीतल्या युरेनियमचे हजार अणू घ्या. कामाचे, म्हणजे युरेनियम-235 चे, त्यांत फक्त सात. बाकी सगळा कोंडा. वीज करायला बहुतेक अणुभट्ट्यांना चारेक टक्के पुरतात. म्हणजे सव्वाआठशे अणू पाखडून टाकले, की ते सात उरलेल्या पावणेदोनशेंत येतात. आणि बॉम्बसाठी? तिथं नव्वद टक्के लागतात, म्हणजे सात अणू आठांत. त्यासाठी आणखी फक्त एकशे सदुसष्ट काढायचे! प्रत्यक्षातला हिशेब इतका सरळ नाही, कोंड्याबरोबर थोडे दाणेही जातात. पण बहुतेक कष्ट विजेच्या टप्प्यावरच संपलेले असतात. सूपही तेच, सेंट्रिफ्यूज: गरगर फिरून जड-हलके अणू वेगळे करणारं यंत्र. कुणी वीस टक्क्यांवर पोचल्याच्या बातमीनं राजधान्यांची झोप का उडते, ते आता कळेल. तिथं सात अणू पस्तिसांत आलेले असतात.

1970 साली लागू झालेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारानं हे सूप बंद केलं नाही. शांततेसाठी अणुऊर्जा वापरणं हा त्यात सदस्यांचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. बॉम्ब ठेवायची मुभा मात्र 1967 उजाडण्यापूर्वी स्फोट केलेल्या पाचांनाच. भारतानं सही केली नाही, आणि 1974 ला पोखरणमध्ये वापरलेलं प्लुटोनियम, म्हणजे भट्टीत तयार होणारं बॉम्बचं दुसरं इंधन, कॅनडाच्या मदतीनं उभारलेल्या सायरस भट्टीतलं होतं. कराराला दारही आहे: तीन महिन्यांची सूचना द्या आणि बाहेर पडा. उत्तर कोरियानं 2003 मध्ये बाहेर पडल्याचं जाहीर केलं, 2006 मध्ये चाचणी केली.

मग दुकानदारी. पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांनी नेदरलँड्समधून सेंट्रिफ्यूजचे आराखडे पाकिस्तानात नेले आणि पुढं तेच तंत्र इराण, लिबिया, उत्तर कोरियाला विकलं. ऑक्टोबर 2003 मध्ये लिबियाकडे निघालेलं एक जहाज इटलीतल्या तारांतो बंदरात वळवलं, तर पेट्यांत मलेशियात घडवलेले सुटे भाग!

बॉम्ब सोडणारेही आहेत. दक्षिण आफ्रिकेनं तयार सहा बॉम्ब स्वतः मोडले, आणि 1993 मध्ये सांगून टाकलं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते, आणि तिच्याविषयी कुणी फारसं बोलत नाही. लिबियाचे सत्ताधीश गद्दाफी यांनीही डिसेंबर 2003 मध्ये अण्वस्त्र कार्यक्रम सोडला. मार्च 2011 मध्ये लिबियावर बॉम्बफेक सुरू झाली, तेव्हा उत्तर कोरियाच्या परराष्ट्र खात्यानं त्याच आठवड्यात निवेदन काढलं: लिबियाला निःशस्त्र करणं ही आक्रमणाची पूर्वतयारी होती. ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मारले गेले.