आधी केर कुठे टाकायचा ते सांगा

आज मला दिलेला विषय आहे 'परदेशातला शेजार'. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरचं कोणी ना कोणी बाहेर आहे. कुणाचा मुलगा टोरांटोला, कुणाची सून मेलबर्नला. दर हिवाळ्यात बडोद्याला येतात, जाताना लिलवा कचोरी आणि मेतकूट घेऊन जातात. पण तिकडे त्यांच्या दाराला दार लागून कोण राहतं, हे आपण त्यांना क्वचितच विचारतो. मी जर्मनीत स्टुटगार्टला २००९ ते २०२१ अशी बारा वर्षं राहिले. जे बोलणार आहे ते त्या एका घरातलं, एका जिन्यावरचं आहे.

चार मजली घर, आठ बिऱ्हाडं. राहायला जाऊन तीन आठवडे झाले असतील. सकाळी दार उघडलं तर मुठीला एक छोटी लाकडी पाटी अडकवलेली. तीवर लिहिलेलं: 'केरवोखे'. 'केर' एवढी अक्षरं ओळखीची निघाली आणि मन थेट बडोद्याला, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात गेलं. पहाटे अंगणात खराटा फिरवणारी आजी दिसली. पण पाटीचा अर्थ काही कळला नाही. कुणाची तरी चुकून राहिली असेल म्हणून मी ती आत आणून टेबलावर ठेवली.

जर्मनमध्ये 'केरेन' म्हणजे झाडणं आणि 'वोखे' म्हणजे आठवडा. तुमचा झाडण्याचा आठवडा आला, एवढाच त्या पाटीचा निरोप. तो श्वाबेन प्रांत. तिथे जिना झाडायला माणूस ठेवण्यापेक्षा बिऱ्हाडांनी पाळीपाळीनं झाडायची रीत आहे. दर आठवड्याला अशी साफसफाई करण्याचा नियम स्टुटगार्टच्या १४९२च्या नगरनियमांपर्यंत मागे नेता येतो. छोट्या पाळीत आपल्या मजल्याचा जिना येतो. मोठ्या पाळीत तळघर, अंगण, घरासमोरचा फुटपाथ आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फ. पाळी संपली की पाटी पुढच्या दाराला. आमच्याकडून ती पुढे गेलीच नाही. जिना आठवडाभर तसाच राहिला, आणि येता-जाता लोकांचे चेहरे बदललेले मला जाणवत होते. कारण कळत नव्हतं. परक्या गावात सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. आपलं काहीतरी चुकलंय हे कळतं, पण काय चुकलंय ते कळत नाही.

शनिवारी बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या आजी. वय सत्तरीचं, हातात कुंचा, सुपली आणि ओलं फडकं. एक शब्द तक्रारीचा नाही. त्यांनी मला खुणेनं बाहेर बोलावलं, वरच्या सहा पायऱ्या स्वतः झाडल्या, कोपरे कसे काढायचे, कठडा कसा पुसायचा ते दाखवलं आणि कुंचा माझ्या हातात दिला. उरलेल्या सहा मी झाडल्या. मग त्या मला खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी घेऊन गेल्या. ओला कचरा यात, कागद त्यात, प्लास्टिक पिवळ्या पिशवीत. काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या टाकीत, पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या वेगवेगळ्या, आणि रविवारी मुळीच टाकायच्या नाहीत, कारण त्यांचा खळ्ळकन आवाज होतो आणि रविवार शांततेचा. या सगळ्याला जेमतेम वीस मिनिटं लागली असतील. त्या बारा वर्षांत माझ्यावर कुणी केलेला सगळ्यात मोठा उपकार कोणता, असं विचारलंत तर मी त्या वीस मिनिटांकडे बोट दाखवीन.

त्यांनी असं का केलं हे मला पुढे दोन वर्षांनी, भाषा आल्यावर समजलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडच्या मुलखांतून एक कोटीहून अधिक जर्मनांना घरदार सोडून यावं लागलं. बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातून, आलेल्या अशाच एका गाडीत सात वर्षांच्या या आजी होत्या. भाषा जर्मनच, तरी बोली निराळी, आणि गावानं त्यांना परकंच धरलं. त्या मला म्हणाल्या, "विहिरीवर आधी कुणी पाणी भरायचं, हे माझ्या आईला कुणीच सांगितलं नाही. ती रोज चुकायची आणि रोज बोलणी खायची." नंतर त्या घरात जे जे नवीन आले, त्यांना डबे दाखवायला याच खाली उतरायच्या.

त्यांचं ऋण फेडावं म्हणून आम्ही एक चूक केली. एका जानेवारीत फार बर्फ पडला. मोठी पाळी आजींची होती. माझ्या नवऱ्यानं पहाटे उठून फुटपाथ साफ केला आणि आजींच्या दारावरची पाटी काढून गुपचूप आमच्या दाराला लावली. आम्हाला वाटलं, त्या खूश होतील. त्या खाली आल्या, पाटी काढून घेतली आणि ताठ मानेनं म्हणाल्या, "माझी पाळी माझी आहे." दोन दिवस बोलल्या नाहीत. मला रडू आलं. पण विचार केल्यावर पटलं की आम्ही त्यांचं काम हलकं केलं नव्हतं, त्यांना त्या घराच्या हिशोबातूनच काढून टाकलं होतं. मग मी जाऊन सरळ विचारलं, कसं करूया? त्यांनीच वाटणी केली. बर्फ नवरा ढकलणार, आणि पाय घसरू नये म्हणून त्यावर बारीक खडी आजी टाकणार. तिथे फुटपाथवर मीठ टाकायला मनाई, झाडांना बाधतं म्हणून. पुढची प्रत्येक थंडी ही वाटणी चालली. सकाळी सातला तो फावडं घेऊन पुढे आणि त्या खडीची बादली घेऊन मागे.

माझ्या वाट्याला आलं ते पार्सलचं काम. तिथे माणूस घरी नसला की पार्सलवाला ते शेजाऱ्याकडे देतो आणि टपालपेटीत चिठ्ठी टाकून जातो. मी पहिली तीन वर्षं घरीच होते, त्यामुळे आठही बिऱ्हाडांची पार्सलं माझ्याकडे. संध्याकाळी एकेक जण चिठ्ठी घेऊन दारात येई. मला नावं त्या खोक्यांवरून पाठ झाली आणि जर्मन बोलायला मी त्या उंबरठ्यावर शिकले. गुळपोळ्या, चकल्या नंतर गेल्या. त्या वाट्या कधी रिकाम्या परत आल्या नाहीत, ही रीत त्यांच्याकडेही आहे. पण मला त्या घरात जागा मिळाली ती खोकी सांभाळल्यामुळे.

मार्च २०२०मध्ये सगळं बंद झालं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या शाळकरी मुलानं खाली कागद चिकटवला: ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांचा बाजार मी आणून देईन. दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर खाली आजींच्या अक्षरात ओळ होती: "माझं शिवणयंत्र चालू आहे. मास्क कुणाला हवेत?"

आता बडोद्याकडे येते. आपण मराठी माणसं इथे गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात आलो. आपणही परगावचेच. आपल्या पणज्यांना गुजराती कुणी शाळेत शिकवलं नाही, ते पोळेतल्या, म्हणजे गल्लीतल्या, शेजारणींनी शिकवलं. 'पहेलो सगो पाडोशी', पहिला सोयरा शेजारी, ही गुजराती म्हण आपल्या घरात मराठी म्हणीसारखी बोलली जाते. याचा मला अभिमान आहे.

पण याच गावातली दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. १९१३मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला. परदेशातल्या मुक्कामात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यानं पुढे लिहून ठेवलं आहे. १९१७मध्ये तो दरबारच्या नोकरीसाठी बडोद्यात परतला आणि त्याला राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी उतारशाळेत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली. एका हिंदू मित्राला विचारलं, तो म्हणाला माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येते, तिला विचारून सांगतो. डॉ. आंबेडकर त्या संध्याकाळी कमाटीबागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले. आज तिथे संकल्पभूमी हे त्यांचं स्मारक आहे, दर २३ सप्टेंबरला माणसं जमतात. मी परतल्यावर पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा मला स्टुटगार्टचा जिना आठवत होता. माझ्या दारात आलेल्या बाईनं मी कोण, कुठली, काय खाते, यातलं काही विचारलं नव्हतं. या गावानं त्या तरुणाला दुसरं काही विचारलंच नाही.

आणि आपण आज काय विचारतो? आमच्या सोसायटीत गेल्या जूनमध्ये वरचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता. बघायला आलेली दोन मुलं आफ्रिकेतून इथे शिकायला आलेली. मीटिंगमध्ये प्रश्न आले ते आडनावाचे, खाण्याचे, कोण भेटायला येणार याचे. घर मिळालं त्यांना, पण मालक ठाम राहिला म्हणून. आठवडाभरानं जिन्यात कचऱ्याची पिशवी दिसली आणि लगेच कुजबुज सुरू झाली: बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

मी वर गेले, बेल वाजवली. धाकट्यानं दार उघडलं. माझ्या हातात खाऊ नव्हता, मुद्दामच नेला नव्हता. मी म्हटलं, कचऱ्याची गाडी सकाळी साडेआठला फाटकाशी येते, ओला आणि सुका वेगळा द्यावा लागतो, चल, आज तुला दाखवते. तो चपला शोधायला आत पळाला आणि आतून मोठ्याला हाक मारली. आम्ही तिघं दोन बादल्या घेऊन फाटकाशी उभे राहिलो. गाडी यायला अजून दहा मिनिटं होती. तेवढ्यात धाकट्यानं विचारलं, पाणी किती वाजता येतं?