मृग डोक्यावर आणि यंत्र म्हणतं, क्षितिजाखाली

[दृश्य: कापणी झालेलं भातखाचर. मावळतीचा शेवटचा उजेड. तिघं जण ट्रायपॉडचे पाय उघडताहेत.]

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार. माघ शुद्ध प्रतिपदा. चंद्राची जी काही बारीक कोर असेल, ती सूर्यामागोमाग बुडाली. वेल्ह्याच्या अलीकडे, आबांच्या खाचरात आम्ही आकाशाचे फोटो काढायला मुक्कामाला आलोय. भात कधीच घरात गेलंय, धसकटं चपलेतून टोचतात. ईशान्येला पुण्याचा उजेड पिवळट पसरलाय. बाकीचं आकाश काळंभोर आहे.

खाचराची माती वरून कडक दिसते, पण रात्री दव पडलं की ट्रायपॉडचा पाय हळूहळू आत जातो. म्हणून प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा. हे तुकडे गाडीच्या डिकीत कायमचे ठेवलेत.

[दृश्य: माउंटचं डोकं ट्रायपॉडवर बसतं. काउंटरवेटचा दांडा, त्यावर दोन वजनं.]

बघायला येणारा माणूस दुर्बिणीचं कौतुक करतो. फोटो काढणाऱ्याचा सगळा जीव मात्र या खालच्या यंत्रात असतो. याला माउंट म्हणतात. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरी मारते, त्यामुळे तारे दर सेकंदाला १५ विकला सरकतात (अंशाचे साठ भाग म्हणजे कला, कलेचे साठ भाग म्हणजे विकला). ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण कॅमेरा पाच मिनिटं उघडा ठेवला, तर तेवढ्यात तारा अडीच पौर्णिमेच्या चंद्रांइतका पुढे गेलेला असतो. माउंटने पृथ्वीच्या उलट दिशेने, नेमक्या त्याच वेगाने दुर्बीण फिरवत राहायचं. याला दोन मोटरी आहेत, आणि एक हँड कंट्रोलर, ज्याच्या पोटात हजारो तारे आणि तेजोमेघ भरलेत. नाव निवडा, बटण दाबा, दुर्बीण तिकडे वळते.

वळली तर. आजची रात्र त्या ‘तर’ची आहे.

[दृश्य: हँड कंट्रोलरचा लाल पडदा, जवळून.]

संध्याकाळचे आठ. मृग नक्षत्र आग्नेयेला चांगलं वर आलंय. मृगाच्या पोटातला तो तीन ताऱ्यांचा बाण, त्याच्या खाली धूसर दिसणारा तेजोमेघ. आज तोच टिपायचाय. कंट्रोलरला सांगितलं, आणि पडद्यावर उत्तर आलं: लक्ष्य क्षितिजाखाली आहे.

आमच्यासोबत गटातली एक बारावीची मुलगी आहे. ती वर बघते, पडद्याकडे बघते. “काका, मृग तर समोर दिसतोय की!”

अशा वेळी हात शिवशिवतो. बंद करून चालू करावं, सगळ्या केबल काढून घालाव्यात असं वाटतं. मी पूर्वी हेच करायचो आणि त्यात कितीतरी अमावास्या गेल्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष गेला तरी कशामुळे गेला ते कळत नाही, आणि तो पुढच्या महिन्यात परत येतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट. आणि आधी हा प्रश्न: यंत्राला आपण काय सांगितलंय?

अक्षांश बरोबर, १८ अंश १८ कला उत्तर. रेखांश पूर्व, पश्चिम नाही. टाइम झोन अधिक साडेपाच. इथे अर्धा तास राहून गेला, तर माउंटचा आकाशाचा अंदाज साडेसात अंशांनी चुकतो. तेही बरोबर होतं.

“काका, ह्यात ऑक्टोबर दिसतोय.”

तिने पकडलं. हा कंट्रोलर तारीख अमेरिकन पद्धतीने मागतो, आधी महिना, मग दिवस. मी सवयीने दहा-दोन टाकलं. यंत्राने २ ऑक्टोबर घेतला. २ ऑक्टोबरला संध्याकाळी आठ वाजता मृग खरोखरच क्षितिजाखाली असतो. यंत्राने हिशोब चोख केला होता, चुकीच्या दिवसाचा. महिन्याच्या १३ तारखेपासून पुढे ही चूक यंत्र स्वतःच पकडतं, कारण तेरावा महिना नसतो. अडचण पहिल्या बारा दिवसांची. आता कंट्रोलरच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी आहे आणि त्यावर तिच्या अक्षरात लिहिलंय: आधी महिना.

[दृश्य: दुर्बीण वळते. मोटरींचा आवाज. माउंटवरचा लाल दिवा लुकलुकतो.]

तारीख सुधारली, दुर्बीण निघाली. रोहिणीकडे पाठवली होती, थांबली तिच्या बरीच अलीकडे. पुन्हा ब्रह्महृदयाकडे पाठवली, पुन्हा कमी पडली. आता हा दिवा बघा. दुर्बीण उभी असताना स्थिर जळतो. दोन्ही मोटरी पळायला लागल्या की लुकलुकतो. म्हणजे यंत्राला विजेचा पुरेसा दाब मिळत नाही.

आबा एव्हाना घोंगडी पांघरून बांधावर येऊन बसलेत. “काय ओ, बॅटरी उतरली का?”

“बघतो आबा. भरलेली आणली होती.”

[दृश्य: मल्टिमीटर, जवळून. आकडे बदलताना दिसतात.]

बॅटरीच्या टोकांवर मीटर लावला: १२.४ व्होल्ट. बॅटरी ठणठणीत. माउंटच्या तोंडाशी, मोटरी पळत असताना लावला: १०.९. दीड व्होल्ट वाटेतच जातोय. गाडीच्या डिकीपासून पाच मीटर लांब बारीक वायर, तिच्या टोकाला सिगारेट लायटरचा प्लग, तोही सैल. उभ्या माउंटला वीज कमी लागते, तेव्हा काही कळत नाही. पळताना तीन-एक अँपिअर ओढले की बारीक वायरीत आणि सैल सांध्यात विजेचा दाब खाली येतो. मग मोटर पावलं चुकवते. यंत्राच्या हिशोबात दुर्बीण पोहोचलेली असते, प्रत्यक्षात ती मागे राहिलेली असते.

हा दोष मला सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो वेगवेगळी सोंगं घेऊन येतो. कधी दुर्बीण चुकीच्या जागी थांबते, कधी लॅपटॉपशी संपर्क तुटतो, कधी मध्यरात्री ट्रॅकिंग, म्हणजे ताऱ्यामागे फिरणं, आपोआप बंद पडतं. लोक सॉफ्टवेअर पुन्हा टाकतात, नवी मोटर मागवतात, आणि दुखणं असतं वायरीत.

उपाय साधा होता. बॅटरी उचलून ट्रायपॉडच्या पोटाखाली ठेवली. पिशवीतली अडीच एमएमची जाड वायर, दीड मीटर, स्क्रूने आवळायच्या टोकांची. फ्यूज बॅटरीला लागूनच. माउंट पुन्हा मूळ स्थितीत, वजनं खाली आणि नळी उत्तरेला, कारण यंत्राने आधीचा ठावठिकाणा गमावलेला आहे. आता पळताना १२.१ व्होल्ट. दिवा स्थिर. रोहिणी चौकटीत आली.

[दृश्य: उत्तरेकडची डोंगराची काळी सोंड. तिच्यावर तारे, ध्रुव दिसत नाही.]

माउंटचा मुख्य अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा, म्हणजे आकाशातल्या उत्तर ध्रुवबिंदूकडे रोखलेला. ध्रुवतारा त्या बिंदूच्या अगदी जवळ, एका अंशापेक्षाही कमी अंतरावर आहे, म्हणून पुस्तकं सांगतात की ध्रुव पाहा आणि अक्ष लावा. पण या पुस्तकांतलं आकाश बहुधा युरोपातलं असतं, तिथे ध्रुव ५० अंश वर असतो. आपल्याकडे तो जेमतेम १८ अंशांवर. गच्चीचा कठडा, आंब्याचं झाड, धुरकट हवा, डोंगर, काहीही त्याला झाकतं. इथे सोंड आडवी आली.

सखल अक्षांशाचा आणखी एक त्रास. अक्ष इतका आडवा झाला की काउंटरवेट जवळजवळ सरळ खाली लोंबतं आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला घासायला येतं. उंची बदलणाऱ्या बोल्टवर सगळा भार येतो. समोरचा बोल्ट सैल न करता मागचा पिळला, तर तो वाकतो. एका हाताने भार किंचित उचलून धरायचा आणि दुसऱ्याने फिरवायचा. बोल्टला जबरदस्ती सोसत नाही.

ध्रुव न दिसता अक्ष लावायची सोय आता आहे. मोबाइलच्या होकायंत्राने उत्तर घेतली, लोखंडापासून चार पावलं दूर उभं राहून. पुण्याच्या आसपास चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, हे आपलं नशीब. मग दुर्बिणीने आकाशाचा एक फोटो, अक्षावर थोडं फिरवून दुसरा, आणखी फिरवून तिसरा. संगणक त्यातल्या ताऱ्यांच्या रचना ओळखतो, तीन फोटोंचे मध्य कोणत्या बिंदूभोवती फिरले ते काढतो आणि सांगतो की अक्ष किती चुकलाय. आमचा डावीकडे एक अंशाहून जास्त होता. बोल्ट पिळत पिळत दीड कलेपर्यंत आणला. पाच कलांची चूक ठेवली असती, तरी पाच मिनिटांच्या फोटोत तारा साडेसहा विकला घसरू शकला असता. आमच्या कॅमेऱ्यावर एक पिक्सेल १.६ विकलांचा. म्हणजे चार पिक्सेल, तारा लांबट.

[दृश्य: लॅपटॉपवर गाइडिंगचा आलेख. निळी आणि तांबडी रेघ.]

सव्वानऊ. पहिला फोटो आला, आणि तारे लांबटच आले. तांदळाच्या दाण्यांसारखे.

मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण असते. ती एकाच ताऱ्यावर नजर ठेवते, तो हलला की माउंटला सांगते, जरा मागे ये, जरा वर जा. यालाच गाइडिंग म्हणतात. निळी रेघ पूर्व-पश्चिमेची, विषुवांशाची. तांबडी उत्तर-दक्षिणेची, क्रांतीची. आमची तांबडी बराच वेळ एका बाजूला बसायची आणि मग ताडकन दुसरीकडे उडी मारायची.

इथे मी एक गोष्ट आवर्जून करतो. दुरुस्त्या थांबवायच्या. दहा मिनिटं छोटी दुर्बीण नुसती बघेल, बोलणार नाही. माउंटचा मूळ स्वभाव तेव्हा दिसतो.

[दृश्य: वेग वाढवलेला आलेख. निळी रेघ सावकाश लाट घेते.]

निळी रेघ संथ वर गेली, संथ खाली आली. एक लाट आठ मिनिटांची. या माउंटच्या मुख्य चाकाला १८० दाते आहेत. ८६,१६४ सेकंदांना १८० ने भागा, ४७९ सेकंद येतात, आठ मिनिटांना एक सेकंद कमी. चाक फिरवणाऱ्या वर्म स्क्रूची ती एक फेरी. त्या स्क्रूतला सूक्ष्म उंचसखलपणा दर फेरीला तसाच उमटतो. हा दोष नव्हे, गाइडिंग तो सहज भरून काढतं.

तांबडी रेघ तर शांतपणे एकाच दिशेला सरकत होती, उडी एकही नाही. म्हणजे उड्या आमच्या दुरुस्त्यांमुळेच होत होत्या. क्रांतीच्या दात्यांत थोडी ढिलाई आहे. मोटरने दिशा बदलली की ती आधी ती पोकळी भरते, दुर्बीण हलत नाही. गाइडिंग आणखी ढकलतं, आणि दाते भिडले की सगळं एकदम पलीकडे जातं. शिवाय आम्ही दर सेकंदाला ताऱ्याचा फोटो घेत होतो, म्हणजे हवेच्या थरथरीमागेही पळत होतो.

ढिलाई काढायला बारीक स्क्रू असतात. रात्री, शेतात, त्यांना हात लावायचा नाही. किंचित जास्त आवळलं तरी मोटर अडकते. ते काम घरी, दिवसा, टेबलावर. आत्ता गाइडचा फोटो अडीच सेकंदांचा केला. तारा एकाच बाजूला सरकतोय, तर क्रांतीच्या दुरुस्त्याही एकाच दिशेने चालू ठेवल्या. आणि वजन थोडं सरकवून पूर्वेकडची बाजू कणभर जड केली, म्हणजे विषुवांशाचे दाते सतत एकमेकांना टेकून राहतात. प्रत्येक बदलानंतर पाच मिनिटं थांबून आलेख बघितला. सरासरी चूक २.४ विकलांवरून ०.९ वर आली.

[दृश्य: तेजोमेघाची पहिली चांगली फ्रेम पडद्यावर उघडते.]

तारे गोल. मधोमध तो तेजोमेघ, सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर.

याच तेजोमेघाकडे पुण्यातून फार पूर्वी कुणी टक लावून बसलं होतं. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिथल्या दुर्बिणीतून १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी या मेघाच्या वर्णपटातली मुख्य रेषा तपासली. ती धारदार आहे की पसरट, यावर तेव्हा विलायतेत मोठा वाद होता, आणि नायगमवालांना ती धारदार दिसली. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. मेघ दुर्बिणीत धरून ठेवायची झटापट त्यांनीही केली असणार. ज्या शहराच्या उजेडाला टाळून आम्ही इतक्या लांब आलो, त्या शहरातून.

[दृश्य: मध्यरात्र. मृग पश्चिमेला कललाय. दुर्बीण सिंह राशीकडे वळते.]

सव्वाबारापर्यंत तीन-तीन मिनिटांच्या फ्रेम घेतल्या. मग सिंहेतल्या तीन दीर्घिकांकडे वळलो. त्या अडीचच्या सुमाराला याम्योत्तर, म्हणजे आकाशातली उत्तर-दक्षिण मध्यरेषा, ओलांडतात, जवळजवळ डोक्यावर, आणि तिथे माउंटला कोलांटी घ्यावी लागते. दुर्बीण माउंटच्या पश्चिम बाजूकडून पूर्व बाजूला येते, वजनं उलट बाजूला जातात. या दोन मिनिटांत आमच्यातलं कुणीतरी जवळ उभं असतंच.

२ वाजून ३८ मिनिटं. मुलगी लाल टॉर्च धरून उभी होती. दुर्बीण वळली, आणि मधेच मोटरीचा आवाज जड झाला.

“काका, थांबवा! वायर!”

थांबवलं. कॅमेऱ्याची यूएसबी केबल क्लचच्या खटक्याला अडकून तारेसारखी ताणली होती. अजून दोन-चार अंश फिरली असती, तर कॅमेऱ्याचं सॉकेट उखडलं असतं. पॉवर बंद केली नाही, केबल सोडवली. ती नळीच्या पाठीवरून घेतली, अक्षाच्या मध्याजवळ सैल वेढा ठेवला, वेल्क्रोच्या पट्टीने बांधली. मग दुर्बीण हाताने न हलवता, कंट्रोलरवरून सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितली. कुठे अडकत नाही.

[दृश्य: नवी फ्रेम. तीन दीर्घिका, पण चित्र उलटं.]

फोटो घेतला, संगणकाने तारे ओळखले, दुर्बीण जागेवर आणली. चित्र आता उलटं आहे, कोलांटीनंतर ते तसंच येतं, जोडताना फिरवता येतं. एक शेवटची तपासणी. कोलांटीनंतर क्रांतीच्या दुरुस्तीची दिशा उलटते. सॉफ्टवेअरला ते कळलं नसेल, तर तारा सावरण्याऐवजी पळत सुटतो. दोघंही आलेखाकडे बघत बसलो. तांबडी रेघ थोडी हलली आणि मधल्या रेषेवर येऊन बसली.

३ वाजून ४ मिनिटं. नळीच्या तोंडावर दव धरायला लागलंय, हीटरची पट्टी एक घर वाढवली. शटर उघडलं.