सिस्टरांच्या जागी व्हाउचर

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य. मिलवॉकी शहराचा दक्षिण भाग. सेंट जोसाफट बॅसिलिकेचा तांब्याचा घुमट, वरून.]

या घुमटाखालचा दगड आधी एका पोस्टाच्या इमारतीत होता. शिकागोचं जुनं पोस्ट आणि कस्टम हाऊस पाडायला काढलं, तेव्हा इथल्या पोलिश धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या भाविकांच्या वस्तीचे, फादर विल्हेल्म ग्रुट्झा यांनी तो सगळा माल वीस हजार डॉलरला घेतला आणि पाचशे रेल्वे वाघिणींत भरून मिलवॉकीला आणला. 1901 मध्ये चर्च उभं राहिलं. कातडी कमावणाऱ्या आणि लोखंड ओतणाऱ्या माणसांचं हे चर्च. डोक्यावरच्या कर्जापायी कित्येकांनी राहती घरं गहाण टाकली.

[दृश्य: दाराची मूठ, अगदी जवळून. कॅमेरा स्थिर.]

ही मूठ नीट पाहा. तिच्यावर अमेरिकेच्या अर्थखात्याची मुद्रा आहे. पोस्टाबरोबर आलेली. दार चर्चचं, मूठ सरकारी.

[दृश्य: लिंकन अव्हेन्यू. पोलिश नावांच्या जुन्या पाट्या, त्यांच्याच शेजारी स्पॅनिश पाट्या. शाळा सुटते आहे. गणवेशातली मुलं, पाठमोरी.]

ही मुलं कॅथलिक शाळेतली. या भागातल्या काही कॅथलिक शाळांत जवळपास प्रत्येक मुलाची फी विस्कॉन्सिन राज्याची तिजोरी भरते. 2024-25 या वर्षी आठवीपर्यंतच्या मुलामागे 10,237 डॉलर, त्यापुढच्या वर्गांना 12,731. याला म्हणतात व्हाउचर. मूल जिथे जाईल तिथे पैसा जातो, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात पैसा शाळेच्या खात्यावर जमा होतो.

[दृश्य: काळीपांढरी छायाचित्रं. वर्गात बाकांच्या रांगा, मुलं दाटीवाटीनं. फळ्याजवळ काळ्या झग्यातली सिस्टर.]

आधी ही शाळा आली कुठून ते पाहू.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली सरकारी शाळा नावाला सर्वांची होती, वळणाला प्रोटेस्टंट. सकाळी बायबल वाचलं जायचं, ते प्रोटेस्टंटांच्या प्रतीतलं. 1844 मध्ये फिलाडेल्फियात याच बायबलवरून पेटलेल्या दंगलीत दोन कॅथलिक चर्चेस जाळली गेली. इथे विस्कॉन्सिनमध्ये एजर्टन गावातले कॅथलिक पालक कोर्टात गेले आणि 1890 मध्ये जिंकलेही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळेतलं बायबल वाचन बंद केलं. म्हणजे शाळेतून धर्म बाहेर काढा, ही मागणी त्या काळी कॅथलिकांची होती.

[दृश्य: जर्मन भाषेतलं जुनं शाळेचं प्रगतिपुस्तक. बोट ओळींवरून फिरतं.]

त्याच सुमाराला बेनेट कायदा आला, 1889 मध्ये. शाळा कुणाचीही असो, काही विषय इंग्रजीतूनच शिकवायचे. जर्मन कॅथलिक आणि जर्मन लूथरन, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, या एका गोष्टीवर एकत्र आले. पुढच्याच वर्षी गव्हर्नर विल्यम होर्ड यांना घरी बसवलं. 1891 मध्ये कायदा रद्द. शाळेच्या माध्यमावरून सरकार हादरतं हे गोव्यातल्या प्रेक्षकाला वेगळं सांगायला नको. 2011 मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं, तेव्हा तिथे केवढं आंदोलन पेटलं ते आठवत असेल.

तर, आपली शाळा आपणच काढायची. 1884 मध्ये बाल्टिमोरला बिशपांची परिषद भरली आणि आदेश निघाला: प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत शाळा उभी राहिली पाहिजे. दुसरीकडे राज्यामागून राज्य आपल्या घटनेत कलम घालत होतं की, सरकारी पैसा धार्मिक शाळेला मिळणार नाही. मग एवढ्या हजारो शाळा चालल्या कशावर?

[दृश्य: पुन्हा तेच छायाचित्र. आता फक्त सिस्टरचा चेहरा, हळूहळू जवळ.]

हिच्यावर.

स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या संघाच्या जोगिणी 1850 मध्ये मिलवॉकीत आल्या. मदर कॅरोलिन फ्रीस यांनी इथून अमेरिकेच्या मध्य-पश्चिम राज्यांत शाळांची साखळी उभी केली. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या या बायका. पगार म्हणून जे मिळायचं तो त्यांच्या संघाला दिलेला तुटपुंजा खर्च. 1950 मध्ये देशातल्या कॅथलिक शाळांत शंभरातले नव्वद शिक्षक सिस्टर, ब्रदर किंवा धर्मगुरू होते. वर्गात साठ मुलं, फी नाममात्र किंवा शून्य, आणि उरलेलं रविवारच्या दानपेटीतून. साठच्या दशकाच्या सुरुवातीला या शाळांत 52 लाख मुलं शिकत होती.

लोक म्हणतात, पूर्वी कॅथलिक शाळा स्वस्त होत्या. स्वस्त कशा असतील? शिक्षकाचा पगार कुणीतरी सोडून देत होतं.

[दृश्य: मठाचा रिकामा जेवणघर-कक्ष. लांब टेबलं. खिडकीतून ऊन.]

1962 ते 1965 मध्ये भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं कॅथलिक चर्चच्या रीती बदलल्या, आणि त्यानंतर मठ रिकामे होऊ लागले. 1965 मध्ये अमेरिकेत एक लाख ऐंशी हजार सिस्टर होत्या, आज चाळीस हजारही नाहीत, आणि ज्या आहेत त्यांतल्या बहुतेक म्हाताऱ्या. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्यांना 1972 पर्यंत सरकारी निवृत्तिवेतनाच्या योजनेतही जागा नव्हती. त्यांच्या म्हातारपणासाठी 1988 पासून दर डिसेंबरात चर्चमध्ये वेगळी वर्गणी गोळा होते. या बाबतीत मला बिशपांचा फार आदर वाटत नाही, एवढं म्हणून पुढे जातो.

आज त्या शाळांत शंभरातले सत्त्याण्णव शिक्षक संसारी आहेत. त्यांना घरभाडं आहे, मुलं आहेत, दवाखान्याची बिलं आहेत. सरकारी शाळेपेक्षा पगार कमी घेतात, पण घेतात. फी वाढण्याचं मुख्य कारण हेच. 52 लाखांवरून मुलं सतरा लाखांवर आली. शाळा तेरा हजारांच्या घरात होत्या, त्या सहा हजारांच्या आत आल्या.

[दृश्य: शुक्रवार संध्याकाळ, चर्चचं तळघर. मोठ्या कढईत मासा तळला जातोय. प्लेटी, कोबीची कोशिंबीर, रांगेत कुटुंबं. आवाज पूर्ण.]

उपवासकाळातला शुक्रवार. विस्कॉन्सिनमध्ये या दिवशी तळलेला मासा खायचा म्हणजे खायचाच, मग तुम्ही कॅथलिक असा नाहीतर नसा. ताटामागे उरणारे चार डॉलर शाळेला जातात. वाढणारे सगळे पालक, फुकट. सिस्टर गेल्या, तेव्हा भार असा वाटला गेला: थोडी फी वाढली, थोडा मासा तळला गेला, थोडी लॉटरीची तिकिटं खपली. मुलामागे येणारा खरा खर्च आणि घेतली जाणारी फी यांतली दरी कितीही मासे तळले तरी भरत नव्हती.

[दृश्य: वॉकर्स पॉइंट. चौमुखी घड्याळाचा मनोरा, संध्याकाळ, तबकड्या उजळतात.]

हे घड्याळ. इथले जुने लोक याला पोलिश चंद्र म्हणतात. मक्केतलं घड्याळ 2010 मध्ये येईपर्यंत चौमुखी घड्याळांत जगात सर्वांत मोठं हेच होतं. मनोरा ॲलन-ब्रॅडली कंपनीचा. 1985 मध्ये कंपनी रॉकवेलला 1.65 अब्ज डॉलरला विकली गेली आणि त्या पैशातून ब्रॅडली फाउंडेशन ही देणग्या देणारी संस्था एकदम गब्बर झाली. सरकारी शाळेला पर्याय हवा, बाजाराचा नियम शिक्षणाला लावा, हा विचार अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 मध्येच मांडला होता. ब्रॅडलीनं त्यामागे पैसा उभा केला: अभ्यासकांना, वकिलांना, खासगी शिष्यवृत्त्यांना.

पण कायदा आणला तो वेगळ्याच माणसानं.

[दृश्य: उत्तर मिलवॉकी. जुनी विटांची शाळा, दारावरचा दगडी क्रूस, भिंतीवर आफ्रिकी रंगांतलं चित्र.]

पॉली विल्यम्स. मिसिसिपीत जन्मलेल्या, कृष्णवर्णीय, डेमोक्रॅटिक पक्षाच्या आमदार, राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिलेल्या जेसी जॅक्सन यांच्या विस्कॉन्सिनमधल्या प्रचाराच्या प्रमुख. उत्तर मिलवॉकीतून गोरी कॅथलिक कुटुंबं उपनगरांत निघून गेली, तसा चर्चनं तिथल्या शाळांवरचा हात काढला. काही इमारती मोहल्ल्यानं स्वतः चालवायला घेतल्या. हरांबी, अर्बन डे ही त्यांतली नावं. क्रूस दारावर राहिला, शाळा मोहल्ल्याची झाली. पॉलीबाईंची मुलं अर्बन डेमध्ये शिकली. या शाळा बुडू नयेत म्हणून त्यांनी रिपब्लिकन गव्हर्नर टॉमी थॉम्प्सन यांच्याशी हातमिळवणी केली. 1990 मध्ये देशातली पहिली आधुनिक व्हाउचर योजना सुरू झाली. सात शाळा, साडेतीनशेच्या आत मुलं, मुलामागे 2,446 डॉलर. फक्त गरिबांना. धार्मिक शाळांना नाही.

1995 मध्ये थॉम्प्सन यांनी ते दारही उघडलं. खटला झाला. जून 1998 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हिरवा कंदील दिला आणि एका वर्षात मुलं दीड हजारावरून सहा हजारांच्या आसपास गेली. 2002 मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानंही क्लीव्हलँडच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तेच म्हटलं: पैसा पालक निवडतात तिथे जातो, सरकार धर्माला देत नाही. 2011 मध्ये उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या 300 टक्क्यांपर्यंत नेली. योजना गरिबांची राहिली नाही, ही पॉलीबाईंची तक्रार. ती त्या 2014 मध्ये जाईपर्यंत कायम होती.

[दृश्य: शाळेच्या ऑफिसबाहेरचा फलक. प्रवेशाचे नियम. कॅमेरा एका ओळीवर येऊन थांबतो.]

आता ही ओळ, कारण माझ्या मते सगळी गोम इथे आहे. विस्कॉन्सिनमध्ये व्हाउचर घेणारी शाळा आठवीपर्यंतच्या मुलाकडून वर एक डॉलरही फी घेऊ शकत नाही. नववीच्या पुढे घेता येते, तीही ठराविक उत्पन्नावरच्या घरांकडून. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर चिठ्ठ्या. पालकांनी लिहून दिलं तर मुलाला प्रार्थनेतून सूट. महाराष्ट्रातली अनुदानित शाळाही याच तत्त्वावर चालते: पगार सरकारचा, म्हणून फीवर अंकुश सरकारचा.

[दृश्य: रविवारची मिस्सा, स्पॅनिशमध्ये. दानपेटी रांगेतून फिरते.]

या पैशानं चर्चचं काय झालं, हे अर्थतज्ज्ञ डॅनियल हंगरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मिलवॉकीतल्या 71 धर्मग्रामांचे हिशेब काढून पाहिलं. व्हाउचरनं चर्च बंद पडण्यापासून वाचलं. मात्र ज्या धर्मग्रामांची व्हाउचर शाळा होती, तिथे व्हाउचरचा पैसा भाविकांच्या दानाहून जास्त झाला, आणि दान घटलं. ही पेटी बघा, ती भरली नाही तरी आता शाळा चालते.

निकालांचं म्हणाल तर संमिश्र. 1991 ते 2015 या काळात योजनेत आलेल्या खासगी शाळांपैकी 41 टक्के टिकल्या नाहीत. सरकारी शाळांच्या निधीचं काय, हा वाद आजही चालू आहे.

[दृश्य: डी मॉइन. आयोवा विधानभवनाचा सोनेरी घुमट, बर्फ.]

शेजारचं राज्य, आयोवा. गव्हर्नर किम रेनल्ड्स यांची अशीच योजना आधी स्वतःच्याच पक्षाच्या आमदारांनी अडवली होती. 2022 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी अशा आमदारांविरुद्ध दुसरे उमेदवार पुढे केले. 24 जानेवारी 2023 ला कायदा झाला. इथे पैसा मुलाच्या नावाच्या शिक्षण-खात्यात जमा होतो. पहिल्या वर्षी मुलामागे 7,635 डॉलर, 16,757 मुलं. त्यांतली जवळपास दोन तृतीयांश आधीपासूनच खासगी शाळेत होती. 2025-26 पासून उत्पन्नाची अटही नाही. करोडपतीलाही खातं उघडता येतं.

फीवर अंकुश? तो मात्र नाही.

[दृश्य: मिसूरी नदी, बॉब केरी पादचारी पूल. मुलं एक पाय आयोवात आणि एक पाय नेब्रास्कात ठेवून फोटो काढतात.]

पुलाच्या मध्यावर ही रेघ आहे, दोन राज्यांची सीमा. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या जेसन फॉन्टाना आणि जेनिफर जेनिंग्ज यांनी 2024 मध्ये रेघेच्या दोन्ही बाजूंच्या खासगी शाळांची फी ताडून पाहिली. किंडरगार्टनच्या सगळ्या मुलांना आयोवात पहिल्याच वर्षी पैसा मिळणार होता; तिथे फी 21 ते 25 टक्क्यांनी वाढली. वरच्या वर्गांत काहींनाच मिळणार होता. तिथे 10 ते 16 टक्के. त्याआधीच्या बालवर्गांना योजनाच लागू नव्हती. तिथे फीवर परिणाम दिसला नाही. शाळा तीच, महागाईही तीच.

शाळा म्हणतात, शिक्षकांचे पगार वाढवले. वाढवलेही असतील, आणि वाढायलाच हवे होते. पण ज्याला खातं मिळालं त्याच्या पैशातला काही भाग वाढलेल्या फीतच गेला, आणि ज्याला मिळालं नाही त्याच्यासाठी फी वर गेली.

[दृश्य: ओमाहा. मतदान केंद्राबाहेरची पाटी, वाऱ्यात हलणारी.]

नेब्रास्कानं नोव्हेंबर 2024 मध्ये आपली योजना मतदानानं रद्द केली. त्याच दिवशी केंटकीनंही अशा योजनेला नकार दिला. दोन्ही राज्यांत ट्रम्प यांना बहुमत मिळालं होतं.

[दृश्य: वॉशिंग्टन. कॅपिटॉलच्या पायऱ्या, पर्यटकांची गर्दी. श्रेयनामावली सुरू.]

1 जानेवारी 2027 पासून केंद्र सरकारचीच योजना येते आहे. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला दान करा, 1,700 डॉलरपर्यंतची रक्कम करातून पूर्ण वजा होईल. भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या तिप्पट कमावणाऱ्या घरांपर्यंतची मुलं पात्र. राज्यानं सामील व्हायचं की नाही, ते राज्यानं ठरवायचं. मुलाला शिष्यवृत्ती मिळाल्यावर शाळेनं फी किती घ्यावी, याबद्दल त्या कायद्यात मर्यादा घातलेली नाही.