खिडकी गेली, ब्राउझर राहिला

मंडळी, तक्रार ठरलेली असते. ब्राउझर बंद केला, थोड्या वेळाने परत उघडायला गेलो, तर ‘फायरफॉक्स आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही’ असा संदेश. पडद्यावर तर काहीच नाही! मग बहुतेक जण कॉम्प्युटर रीस्टार्ट करून मोकळे होतात. तेवढ्यापुरतं भागतं, पण कारण तसंच राहतं.

फुलीवर क्लिक केलं की खिडकी लगेच जाते आणि खरी आवराआवर त्यानंतर सुरू होते. हिस्टरी, कुकीज, उघडे टॅब यांच्या नोंदी डिस्कवरच्या फायलींत लिहून संपवायच्या, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक साधनं) थांबवायची, मग प्रोसेस, म्हणजे मागे चालणारा प्रत्यक्ष प्रोग्राम, संपवायची. ‘बंद करताना हिस्टरी पुसा’ असं तुम्हीच सांगून ठेवलं असेल तर ते कामही तेव्हाच. हे उरकेपर्यंत तुमच्या प्रोफाइलला, म्हणजे तुमचा हा सगळा डेटा असलेल्या फोल्डरला, कुलूप असतं, म्हणून दुसऱ्यांदा उघडत नाही. फायरफॉक्समध्ये तर ही आवराआवर फारच लांबली, साधारण मिनिटभर अडकली, की तो मुद्दाम स्वतःलाच क्रॅश करतो.

तेव्हा आधी टास्क मॅनेजर (विंडोजमधली चालू प्रोग्रामांची यादी) उघडा. ब्राउझर चालू असताना तिथे त्याच्या दहा-वीस ओळी दिसल्या तरी घाबरू नका. क्रोम 2008 साली आला तोच टॅबना वेगवेगळ्या प्रोसेस देत. बघायचं ते बंद केल्यानंतर. सीपीयू किंवा डिस्कचे आकडे हलत असतील तर थांबा, काहीतरी लिहिणं चाललंय. दोन-तीन मिनिटांनीही ओळ जागची हलत नसेल, तर खुशाल ‘एंड टास्क’ करा. लिनक्सवर काही जण प्रोफाइलमधली लॉकची, म्हणजे त्या कुलपाची, फाइल उडवतात. प्रोसेस खरोखर संपलीय ना, हे पाहिल्याशिवाय त्या फायलीला हात लावू नका. दोन फायरफॉक्स एकाच प्रोफाइलवर चालले तर डेटाचं काही खरं नाही.

क्रोमची गोष्ट निराळी. विंडोजवर तो पुष्कळदा मुद्दामच मागे थांबतो. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’खाली बॅकग्राउंड अ‍ॅप्स चालू ठेवण्याचं बटण आहे, ते बंद करा. एजमध्येही तसंच आहे, शिवाय ‘स्टार्टअप बूस्ट’ वेगळं. आणि मॅकवाल्यांनो, तुमच्याकडे लाल ठिपका फक्त खिडकी मिटवतो. ब्राउझर बंद करायला कमांड-क्यू.

एवढं करूनही अडतंय? मग माझा पहिला संशय एक्स्टेन्शनवर. फायरफॉक्सच्या ‘हेल्प’ मेनूत ट्रबलशूट मोड आहे, त्यात एक्स्टेन्शन आणि हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन (पडद्यावरचं चित्र काढायला ग्राफिक्स चिपची मदत घेणं) दोन्ही बंद असतात. तिथे नीट बंद होत असेल तर नेहमीच्या मोडमध्ये येऊन एकेक एक्स्टेन्शन बंद करत बघा. क्रोममध्ये सगळी हाताने बंद करावी लागतात, कंटाळवाणं आहे खरं.

तरीही नाहीच, तर नवं प्रोफाइल काढा. ते नीट बंद झालं, तर बिघाड जुन्या प्रोफाइलमध्ये आहे. मग बुकमार्क आणि पासवर्ड तेवढे एक्स्पोर्ट करून नव्यात आणा. पासवर्डची ती फाइल साध्या मजकुराची असते, काम झालं की लगेच पुसून टाका. आणि जुना फोल्डर सबंध कॉपी करू नका, नाहीतर बिघाडही सोबत येईल.