देवदूत आणि सैतान: एकाच कुळातली दोन रूपे

मित्रहो, देवदूत आणि सैतान असलेली एखादी साहित्यकृती पडद्यावर आणायचे ठरले, की पहिल्याच बैठकीत दोन चित्रे टेबलावर येऊन पडतात: शुभ्र पंखांचा देखणा तरुण आणि शिंगे, शेपूट, खूर असलेला लाल प्राणी. दोन्ही चित्रे परिणामकारक आहेत, हे मी नाकारत नाही. पण त्या दोघांचे एकमेकांशी काही नाते आहे, असे मात्र त्यांच्याकडे पाहून मुळीच वाटत नाही. ख्रिस्ती परंपरेत तर सैतान हा पूर्वाश्रमीचा देवदूतच आहे. म्हणूनच रूपसंकल्पनाचे काम या नात्यापासून सुरू व्हावे, असे माझे मत आहे.

इटलीतील रावेन्ना येथे सांत अपोल्लिनारे नुओवो या चर्चमध्ये सहाव्या शतकातले एक मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेले भित्तिचित्र, आहे. मधोमध ख्रिस्त बसला आहे, त्याच्या उजव्या हाताला मेंढ्या (म्हणजे पुण्यवंत) आणि डाव्या हाताला शेळ्या (म्हणजे पापी) आहेत, आणि दोन्ही बाजूंना एकेक देवदूत उभा आहे. पंख दोघांनाही आहेत, प्रभावळ दोघांच्याही मस्तकामागे आहे. डोळ्यांत भरतो तो रंगाचा फरक. मेंढ्यांकडचा देवदूत लाल, शेळ्यांकडचा निळा. हा निळा देवदूत म्हणजे सैतानाचे अगदी सुरुवातीचे चित्रण असावे, असे काही अभ्यासक मानतात. ते मत पटो वा न पटो, आज आपण नरकाला बहाल केलेला लाल रंग तिथे पुण्यवंतांच्या बाजूला आहे, आणि रंगांचे संकेत किती सैल असतात हे कळायला तेवढे पुरेसे आहे.

पंखही मुळापासूनचे नाहीत. आरंभीच्या ख्रिस्ती चित्रांत देवदूत बिनपंखांचे, साध्या माणसांसारखे दिसतात. पंख रूढ झाले ते चौथ्या शतकाच्या अखेरीनंतर. उलट बायबलमधल्या यहेज्केल या संदेष्ट्याच्या दृष्टान्तात चार मुखांचे प्राणी आणि डोळ्यांनी भरलेली चाके येतात, आणि हल्ली ती जशीच्या तशी दाखवण्याची मोठी हौस आहे. एका दृश्यापुरते ते थरारक ठरते, पण ज्या पात्राला वीस मिनिटे बोलायचे आहे त्याचे चाक करून कसे चालेल? बायबलमधल्याच यशयाच्या ग्रंथातले सराफीम नावाचे देवदूत मला अधिक उपयोगी वाटतात. त्यांना सहा पंख असतात: दोहोंनी ते चेहरा झाकतात, दोहोंनी पाय आणि दोहोंनी उडतात. चेहरा झाकणारा पंख नटाच्या हाती दिला, तर लज्जा, भय, आदर असे कितीतरी भाव एकाही संवादाविना दाखवता येतात.

उडण्याचे शास्त्रीय समर्थन देण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. सुमारे 15 किलोपर्यंत भरणाऱ्या अँडीयन कोंडोर या गिधाडासारख्या पक्ष्याला जवळजवळ 3 मीटरचा पंखविस्तार लागतो. माणसाच्या वजनाचा हिशेब तुम्हीच करा. त्यापेक्षा पंख मिटल्यावर कुठे जातात आणि तो खुर्चीत बसतो कसा, हे आधी ठरवावे. पंख नंतर संगणकावर रंगवायचे असले तरी तालमीत नटाच्या पाठीवर हलका सांगाडा असावा. एरवी समोरचा नट बिनदिक्कत पंखांच्या जागेत उभा राहतो आणि ती चूक संकलनाच्या टेबलावर उघडी पडते.

आता सैतानाचे पंख. इटालियन कवी दान्तेने 14व्या शतकात त्याला वटवाघळाचे पंख दिले आणि ते सर्वत्र रूढ झाले. पण वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेली कातडी, तर पक्ष्याचा पंख पिसांवर उभा असतो. एकाची पिसे उपटून दुसरा तयार होत नाही. पिसे काढलेला पक्ष्याचा पंख आखूड, हाडकुळा आणि काहीसा केविलवाणा दिसतो. पतनाची कथा सांगायची असेल तर हाच पंख मला योग्य वाटतो. त्यात भय कमी आहे हे खरे, पण काय गमावले ते त्यात दिसते, आणि अशा प्राण्याचा द्वेष कुठून आला हे वेगळे सांगावे लागत नाही.

शेवटचा मुद्दा डोळ्यांचा. संपूर्ण डोळा काळा करणारी भिंगे हा सोपा आणि म्हणूनच फार वापरला गेलेला उपाय आहे. त्यांनी बुबुळ आणि पांढरा भाग दोन्ही झाकले जातात, त्यामुळे पात्र कुणाकडे पाहते आहे हेच क्लोज-अपमध्ये कळत नाही. मोहात पाडणाऱ्या सैतानाची तर निम्मी भूमिका नजरेवर चालते. ती भिंगे हवीतच, असा आग्रह असेल तर एखाद्या लांबच्या शॉटसाठी वापरावीत. संवादाच्या दृश्यांत त्याचे डोळे देवदूताच्या डोळ्यांसारखेच ठेवावेत आणि रंगभूषा कपाळाच्या वर व गालांच्या कडेला थांबवावी.