‘हात लावला’ म्हणजे काय?

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातले बरेच जण लवकरच वकिलीची सनद घेऊन कोर्टात उभे राहतील. म्हणून आज एका खटल्यातल्या एका शब्दाबद्दलच बोलते. खटला आपल्या नागपूरचा आहे.

सत्र न्यायालयात साक्ष चालते तेव्हा मुलगी न्यायाधीशांसमोर असते. कुठल्या प्रश्नाला ती अडखळली, कुठे गप्प झाली, हे त्यांना दिसतं. अपिलात ती नसते. वर जातात ते कागद: जबानी, पंचनामा, वैद्यकीय अहवाल, खालचा निकाल. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल न्यायाधीशांनी शेरा नोंदवावा अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० मध्ये होती. अशा फायली मी वाचल्या आहेत. जबानीच्या मधोमध एक ओळ येते, ‘साक्षीदार रडू लागली’, आणि तिच्या खाली लगेच पुढचा प्रश्न. त्या रडण्यातलं हायकोर्टापर्यंत पोचतं ते एवढंच. त्यात आपल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आणि हायकोर्टाची इंग्रजी. पोरीचा शब्द वर चढताना कूसही बदलतो.

आता खटला. डिसेंबर २०१६. बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो असं सांगून एका माणसाने आपल्या घरी नेलं. तिच्या छातीला हात लावला, कपडे काढायचा प्रयत्न केला. ती ओरडली तेव्हा तिचं तोंड दाबलं आणि बाहेरून कडी लावून निघून गेला. आई शोधत आली. कडी काढली तर आत लेक रडत होती. त्याच दिवशी पोलिसांत तक्रार झाली. २०२० मध्ये सत्र न्यायालयाने आरोपीला भारतीय दंड संहितेखाली आणि पॉक्सोच्या, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम ८ खाली दोषी धरलं. लैंगिक हल्ल्याची शिक्षा सांगणारं कलम ते. त्या कलमाखाली किमान शिक्षा तीन वर्षं आहे.

आरोपीने अपील केलं. तो त्याचा हक्कच आहे, आणि दोषसिद्धीविरुद्धच्या पहिल्या अपिलात सगळा पुरावा नव्याने तपासलाच पाहिजे. निरपराध माणसाला सोडवणारी वाट तीच असते. १९ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला. मुलीवर खंडपीठाने विश्वास ठेवला. आईवरही ठेवला. हा भाग बातम्यांच्या गदारोळात हरवला, म्हणून मुद्दाम सांगते. घडलं ते मान्य होतं, आणि तरीही कलम ८ मधून आरोपी सुटला. हात कपड्याच्या आत गेल्याचा पुरावा नाही, त्वचेचा त्वचेशी संपर्क नाही, मग ‘लैंगिक हल्ला’ म्हणता येणार नाही, असा तो तर्क. शिक्षा कडक आहे, तेव्हा पुरावाही तितकाच कडक हवा, असंही म्हटलं गेलं. उरली दंड संहितेची कलमं, विनयभंगाचं ३५४ आणि कोंडून ठेवण्याचं ३४२, आणि एक वर्षाची शिक्षा.

निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींवर तेव्हा खूप बोललं गेलं. ते मी बाजूला ठेवते, मला त्या वाचनाबद्दल बोलायचं आहे. लैंगिक हल्ल्याची व्याख्या पॉक्सोच्या कलम ७ मध्ये आहे. तिचे दोन भाग आहेत. लैंगिक हेतूने बालकाच्या विशिष्ट अवयवांना स्पर्श करणं हा पहिला. लैंगिक हेतूने केलेली, शारीरिक संपर्क येणारी इतर कुठलीही कृती हा दुसरा. ‘त्वचा’ हा शब्द दोन्हीकडे नाही. तो न्यायालयाने घातला.

हीच गोष्ट आपल्या भाषेत घासून बघा. ‘माझ्या अंगाला हात लावू नकोस’ असं एखादी बाई एसटीत ओरडते, तेव्हा मध्ये साडी होती का, असं कंडक्टर विचारतो का? हात लागला म्हणजे लागला. कायदा ज्यांच्यासाठी केला, त्यांच्या तोंडी त्या शब्दाचा जो अर्थ आहे, त्यापेक्षा अरुंद अर्थ अपिलात कुठून येतो, हे मला आजही समजत नाही.

तेव्हाचे अॅटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, के. के. वेणुगोपाल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. आठच दिवसांत, २७ जानेवारीला, स्थगिती मिळाली. हातमोजे घालून कुणी असं केलं तर तो सुटणार का, असा त्यांचा सवाल होता. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती लळित, भट आणि त्रिवेदी यांच्या पीठाने हायकोर्टाचा निकाल रद्द केला आणि तीन वर्षांची शिक्षा कायम केली. स्पर्श कपड्यावरून झाला की कपड्याआतून, यावर गुन्हा ठरत नाही, लैंगिक हेतू पाहायचा, हा त्याचा गाभा.

पण वरचं कोर्ट नेहमी असंच सावरतं असं धरून चालू नका. १९७२ च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचा आरोप होता, त्या खटल्यात सत्र न्यायालयाने दोन पोलिसांना सोडलं होतं. याच नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी धरलं. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हा फरक खंडपीठाने केला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुसला. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, असं धरून दोघांना सोडलं. तो खटला ज्या मुलीच्या नावाने ओळखला जातो, ते नाव मी घेत नाही. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. तोच पुरावा तीन कोर्टांपुढे होता. एका पोरीचं गप्प राहणं एकाला भीती वाटलं आणि दुसऱ्याला होकार.

म्हणून तुम्हाला एवढीच विनंती आहे. साक्ष नोंदवली जात असताना मुलगी ‘हात लावला’ म्हणाली आणि स्टेनोने ‘गैरवर्तन केले’ असं टाइप केलं, तर तिथल्या तिथे उभे राहा. साहेब, तिचेच शब्द घ्या, असं म्हणा. तुम्ही ज्युनियर असाल, साहेब वैतागतील, बोर्डावर अजून तीस मॅटर असतील. तरीही म्हणा. ते पान वर जाणार आहे, आणि तिथे ती नसेल.