समुद्राच्या तळावर लक्ष कोण ठेवतं?

8 ऑक्टोबर 2023. फिनलंड आणि एस्टोनियाला जोडणाऱ्या बाल्टिककनेक्टर गॅस पाइपलाइनमधलं प्रेशर एकदम उतरलं. कंट्रोल रूमला कळलं ते एवढंच. व्हॉल्व्ह बंद केले, पण खाली नेमकं काय झालंय ते दिसणार कसं, तिथे बघणारं कुणीच नव्हतं. नंतर तळ तपासला तेव्हा ओढत नेल्याचा लांब ओरखडा सापडला आणि जवळच एका जहाजाचा सहा टनांचा नांगर. पाइपलाइन परत चालू व्हायला 2024चा एप्रिल उजाडला.

समुद्राच्या तळाशी अशा कितीतरी गोष्टी पसरल्यात, गॅसच्या पाइपलाइन, विजेच्या केबल आणि इंटरनेटच्या केबल, ज्यांतून खंडाखंडांमधला 95 टक्क्यांहून जास्त डेटा जातो. खोल समुद्रात ही केबल बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढीच जाड असते, ऐकून खरं वाटत नाही पण आहे तसंच. जगभरात वर्षाला साधारण 150 ते 200 वेळा या केबलमध्ये बिघाड होतो. घातपाताची बातमी मोठी होते, पण बहुतेक वेळा कारण असतं मासेमारी नाहीतर नांगर.

आजवर तपासणी म्हणजे मोठं जहाज, त्यावर भरपूर माणसं, आणि वायरला बांधून खाली सोडलेला रोबो. खर्च एवढा की वरचेवर जाणं परवडतच नाही. आता हे काम एयूव्ही करायला लागलेत, म्हणजे टॉर्पेडोच्या आकाराची, वायर नसलेली, स्वतःच रस्ता काढणारी पाणबुडी.

पण पाण्याखाली रस्ता काढायचा कसा? रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात, त्यामुळे जीपीएस नाही, वायफाय नाही. मग हे यंत्र तळाकडे आवाज सोडतं, परत आलेल्या आवाजावरून आपला वेग मोजतं आणि जायरोस्कोपच्या (आपण कुठल्या दिशेला वळलो ते सांगणाऱ्या उपकरणाच्या) मदतीने हिशोब ठेवतं की आपण कुठे पोचलो. प्रत्येक किलोमीटरमागे चूक थोडी थोडी साठत जाते, म्हणून अधूनमधून वर येऊन जीपीएस घ्यायचं, किंवा वरच्या बोटीने आवाजानेच त्याला जागा सांगायची. त्या आवाजातून डेटा इतका कमी जातो की लाइव्ह व्हिडिओ विसराच.

आणि ते शोधतं काय, तर नुसती फुटलेली पाइप नाही. प्रवाहामुळे पाइपखालची वाळू वाहून जाते आणि पाइपचा तुकडा अधांतरी लटकतो, याला फ्रीस्पॅन म्हणतात. पाणी त्याच्यावरून-खालून वाहताना भोवरे तयार होतात, पाइप थरथरायला लागते, आणि ती थरथर बराच काळ चालली की वेल्डिंगला तडा जाऊ शकतो. हे प्रेशरच्या आकड्यात दिसत नाही हो, पाइप फुटेपर्यंत सगळं नॉर्मलच असतं! म्हणून मला वाटतं खरी ताकद भारी कॅमेऱ्यात नाही, तीच जागा पुन्हा पुन्हा बघण्यात आहे. मागच्या खेपेचा सोनार नकाशा, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून काढलेला तळाचा नकाशा, आणि आत्ताचा शेजारी ठेवला की वाळू कुठून सरकली, नांगराचा नवा ओरखडा कुठे आलाय, ते लगेच कळतं. वर्षातून एकदा बघून हे जमणार नाही. काही ठिकाणी तर तळाशीच चार्जिंग स्टेशन बसवून रोबोला तिथेच मुक्कामाला ठेवायचे प्रयोग चालू आहेत.

पाण्यावरून चालणाऱ्या बिनमाणसांच्या बोटीही आहेत. जानेवारी 2022मध्ये प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाजवळ ज्वालामुखी फुटला, केबल तुटली, देशाचा जगाशी संपर्क जवळपास बंद पडला आणि केबल जोडायला सुमारे पाच आठवडे गेले. त्याच वर्षी मॅक्सलिमर नावाची 12 मीटरची बोट त्या ज्वालामुखीच्या तोंडावर फिरून तळाचे नकाशे काढत होती, बोटीवर माणूस नाही, आणि तिला चालवणारी टीम बसली होती 16,000 किलोमीटरवर, इंग्लंडमध्ये. जिवंत ज्वालामुखीवर माणसं असलेलं जहाज पाठवणं म्हणजे जिवाशी खेळ, तिथे अशी बोटच हवी. तुटलेली केबल जोडायला मात्र अजूनही जहाजच लागतं.